गोळ्यावरचे पांढरे पट्टे

१७ मार्च, रविवार

माकणीच्या धरणावर नोकरीला होतो तेव्हा रोज सकाळी पाण्याची पातळी लिहायची, बाष्पीभवनाच्या पात्रातलं पाणी किती उडालं ते लिहायचं, वारा कुठला ते लिहायचं. निवृत्त होऊन धाराशिवला घर केलं आणि लिहिण्यासारखं काही उरलं नाही. महेश्वरी म्हणते, आता माझ्या पोळ्या मोजत बसा. आज मात्र घरात निरीक्षण करण्यासारखी एक वस्तू आली आहे, म्हणून पुन्हा लिहायला बसलो.

वस्तू म्हणजे शेवाळाचा गोळा. नारळाएवढा, हिरवागार, वरून काळा धागा गुंडाळलेला. आत माती आहे आणि डोक्यातून फर्न उगवलंय. शाळेच्या पुस्तकात आम्ही त्याला नेचे म्हणायचो, पण आयुष्यात पाहिलं नव्हतं. कुंडी नाही, परडी नाही. गोळा सरळ सुतळीनं टांगायचा. आमची शिवप्रिया पुण्याला एका रोपवाटिकेत हेच गोळे बनवते. शेतकीची पदवी घेऊन पोरगी मातीचे गोळे वळते याचं मला कौतुक आहे, तिच्या आईला नाही.

शिवप्रियानं तो आणला होता आईसाठी. आईनं त्याच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणाली, "तिला सांगा, आमच्या घरात लाडू बेसनाचे करतेत." शिवप्रिया तिथंच, हातभर अंतरावर उभी होती. दिवाळीपासून हे असं चाललंय. महेश्वरीनं तिच्या भावाला, सास्तूरच्या धोंडप्पाला, शब्द दिला होता की माझी लेक तुझ्या नंदीशला देईन. मामाच्या घरी मुलगी देणं आमच्यात नवलाचं नाही. पण दिवाळीत शिवप्रिया नाही म्हणाली, आणि महेश्वरीनं लेकीशी बोलणंच टाकलं. तेव्हापासून मी मधला टपाल्या.

आज बसस्टँडवर शिवप्रियानं सांगितलं की मे संपता संपता ती सिक्कीमला चालली आहे. तिथल्या एका मोठ्या रोपवाटिकेत काम मिळालंय, तीन वर्षांसाठी. मग ती म्हणाली, "अप्पा, हे फर्न जगलं तर बसव जयंतीला न्यायला येते. जायच्या आधी चार दिवस राहते पण. नाही जगलं तर मग कशाला येऊ? अव्वा तर बोलत नाही."

मी म्हणालो, अगं मी आहे की. ती हसली आणि बसमध्ये चढली. खिडकीतून मात्र डोळे पुसताना दिसली.

म्हणजे हा गोळा बसव जयंतीपर्यंत, १० मेपर्यंत, जगवायचा. सिक्कीमला पाऊस आणि धुकं. इथं धाराशिवचा एप्रिल. बघू.


१९ मार्च

शिवप्रियानं फोनवर शिकवलेली रीत अशी. गोळा उचलून बघायचा. हलका लागला की तहानला असं समजायचं. मग बादलीत बुडवायचा. आतून बुडबुडे येतात. ते थांबले की पोट भरलं. निथळून पुन्हा टांगायचा. ऊन थेट लागू द्यायचं नाही, पण अंधारही नको. पानं करकरीत झाली तर हवा कोरडी आहे.

बुडबुडे बघताना मला इतकी मजा आली की चहा गार झाला. माती श्वास सोडते असं वाटत होतं. महेश्वरी स्वयंपाकघरातून म्हणाली, "लहान पोराला न्हाऊ घालतायसा व्हय?" मी म्हणालो, ये बघायला. ती आली नाही.

हलका-जड हे हाताच्या अंदाजावर सोडणं मला पटत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. त्यावर माती सांडली म्हणून बोलणी खाल्ली.


२ एप्रिल

पानांची टोकं तपकिरी झाली. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही असं ऊन आहे.

मी गोळा कूलरसमोर टांगला. कूलरची हवा ओली असते असा माझा हिशेब. पण वाऱ्याच्या झोतानं पानं आणखी वाळली. वर महेश्वरी संतापली. "गवताला कूलर आन मला पंखा! माझ्या बापानं मला हितं दिलं तवा हे सांगितलं नव्हतं कुणी." मग न्हाणीघरात टांगला, तिथं दमट असतं म्हणून. पहाटे ती आंघोळीला गेली आणि दाराआडून ओरडली, कारण वरून काहीतरी लोंबत तिच्या मानेला लागलं. शेवटी पुन्हा मागच्या पडवीत. पडवीला जाळी आहे, सावली आहे, आणि तुळशीसमोरच्या ओल्या फरशीचा थोडा गारवा.

दुपारी मी उठलो तेव्हा गोळ्याखाली एक परात पाणी भरून ठेवलेली. मी ठेवली नव्हती. महेश्वरीला विचारलं तर म्हणाली, चिमण्यांसाठी ठेवलीय. चांगली गोष्ट आहे. चिमण्यांचं भलं होईल आणि वाफेनं फर्नचंही. योगायोग म्हणतात तो हाच.


९ एप्रिल, पाडवा

आज कामाची युक्ती सुचली. ठिबक सिंचन! आम्ही पाटबंधारे खात्यातले लोक शेतकऱ्यांना ठिबक करा म्हणून सांगून दमलो, आणि घरात मात्र बादलीत बुडवतोय. मी महेश्वरीला म्हणालो, एखादं फुटकं गाडगं दे, वर टांगतो, थेंब थेंब पाणी पडू दे.

तिनं माळ्यावरून तिच्या आईचं तांब्याचं अभिषेकपात्र काढलं. बुडाला बारीक भोक आहे, त्यातून धाग्यासारखी धार लागते. तिच्या माहेरी उन्हाळ्यात पिंडीवर हे टांगायचे. चिंचेनं घासून लखलखीत केलं आणि माझ्या हातात दिलं. "हे घ्या. पडूनच होतं. गाडग्यानं फरशी खराब करचाल."

मी म्हणालो, देवाचं भांडं गवताला कशाला? तर म्हणाली, "पाणी हाय न्हवं? मग." आणि गेली.

भोकात कापसाची वात घातली, धारेचा थेंब झाला. मी बराच वेळ बघत बसलो. थेंब पडतो, शेवाळ जरा दबतं, पुन्हा वर येतं. इतकी वर्षं धरणाचं पाणी बघितलं, पण एका थेंबाचं काम असं जवळून कधी बघितलं नव्हतं. शिवप्रियाला फोन करून सांगितलं. तिनं विचारलं, भांडं कुणी दिलं? मी म्हणालो, तुझ्या आईनं, फरशी खराब होऊ नये म्हणून. ती "बरं" म्हणाली.


१३ एप्रिल

सकाळी न्हाणीत होतो. पडवीतून महेश्वरीचा आवाज आला, हळू, लाडीक. "नीर कुडी, गुंडव्वा. नीर कुडी." माझं कानडी पाणी-भाकरीपुरतंच, पण एवढं कळतं. पाणी पी, असं कुणाला तरी म्हणत होती. शेजारची ती पिवळी मांजर परातीतलं पाणी प्यायला येत असणार. महेश्वरीला मांजरं आवडत नाहीत असं मी समजत होतो. बाहेर आलो तोवर मांजर गेलेली. महेश्वरी अभिषेकपात्रात पाणी ओतत होती. "रिकामं झालतं," एवढंच म्हणाली.

माणूस म्हातारपणी मऊ होतो. मांजरीशी झाली, तशी लेकीशी झाली तर बरं.


१६ एप्रिल

नवीन संकट. गोळ्यावर पांढरी बुरशी आली की काय कळत नाही. भिंग घेऊन बघितलं. बुरशीला तंतू असतात, इथं नुसती पूड आहे. बोटाला लागते, वास नाही. मग प्रकाश पडला. हे क्षार! आमच्या बोअरच्या पाण्यानं बादल्यांना पांढरे थर धरतात, नळाची तोटी चोंदते, तर शेवाळाचं काय होणार. शिवप्रियाला फोन केला. तिनं सांगितलं, "अप्पा, फर्नला क्षार अजिबात चालत नाहीत. जारचं पाणी वापरा. आणि पांढरं दिसलं की मऊ ब्रशनं काढत जा."

जुना टूथब्रश शोधून काढला.

बाजारात चाललोच होतो तर महेश्वरीनं विभूतीचा नवा गोळा आणायला सांगितला. मागचा तर शिवरात्रीला आणला होता. वर्षभर पुरतो. पूजा वाढली की काय हिची?


१८ एप्रिल

जारचं पाणी सुरू करूनही पांढरं येतंच आहे. सकाळी उठून बघावं तर आहेच. थेंबांनी धुऊन निम्मं उतरलेलं असतं, पण खुणा राहतात. आज नीट बघितलं तर पूड कशीही पसरलेली नाही. आडवे पट्टे आहेत. एकावर एक, बोटभर रुंद. गोळ्याच्या एकाच बाजूला, दाराकडच्या.

क्षार पट्ट्यांनी कसे जमतील? दिवसभर डोकं चालवलं आणि संध्याकाळी उत्तर सापडलं. धागा! गोळ्याला काळा धागा आडवा गुंडाळलाय. पाणी धाग्याच्या कडेनं वाहतं, तिथं वाळतं, आणि क्षार धाग्याच्या रेषेत बसतात. दाराकडून वारा येतो म्हणून त्याच बाजूला जास्त वाळतं. याला मी धाग्याचा सिद्धांत म्हणतो. खात्यात असतो तर साहेबांनी पाठ थोपटली असती.

सिद्धांत महेश्वरीला समजावून सांगितला. ती डाळ निवडत होती. शेवटपर्यंत मान वर केली नाही. मग म्हणाली, "म्हून तुमी त्याला रोज घासताय?"

"घासावंच लागणार. विष आहे ते त्याला."

ती माझ्याकडे बघत राहिली. रात्री जेवताना भाकरी वाढली ती पण जरा आपटूनच.


२१ एप्रिल, रविवार

धोंडप्पा आला होता. सास्तूरहून पहिल्या गाडीनं. कैऱ्या आणल्या, आणि पेढे. नंदीशचं लग्न ठरलं, उमरग्याची मुलगी आहे. मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला.

तो हातपाय धुवायला मागं गेला आणि गोळ्यासमोर थांबला. वर तांब्याचं पात्र, खाली परात, मध्ये तो ओला गोळा. मी सकाळी उशिरा उठलो होतो, घासायचं राहिलं होतं. धोंडप्पानं चपला काढल्या आणि दोन्ही हात जोडले! मी म्हणालो, अहो मामा, ते फर्न आहे, शिवप्रियानं दिलेलं. तो मला म्हणाला, "दाजी, मला दिसतंय काय हाय ते." त्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलंय असं ऐकलं होतं. आता लवकर करून घ्यायला सांगितलं पाहिजे.

जेवण झाल्यावर मी आडवा झालो. स्वयंपाकघरात बहीणभाऊ बोलत होते, ते ऐकू येत होतं.

"पोरगी कवा येणार हाय?"

"येती का न्हाय, कुणाला ठावं."

"अक्का, मी राग कवाच सोडला. नंदीशचं बी झालं. शब्द फिटला समज. आता तूच धरून बसलीस."

मग महेश्वरी म्हणाली, "धरून न्हाय रे बसले. इतके दिस बोलले न्हाय, आता कुठल्या तोंडानं बोलू? फोन लावला आन तिनं उचलला न्हाय तर?"

मला उठून आत जावंसं वाटलं. पण आत जाऊन काय बोलणार होतो? तिच्या आवाजात असं काही मी कधी ऐकलं नव्हतं. धरणावर पूर आला तरी मी घाबरलो नाही, पण पलीकडच्या खोलीत जायला मला जमलं नाही. पडून राहिलो.


२६ एप्रिल

फर्न चाललं. काल दिवसभर लाइट नव्हती, वारा भट्टीतल्यासारखा. आज सकाळी सगळी पानं कागदासारखी. हात लावला की चुरा. शिवप्रियाला सांगायची हिंमत झाली नाही. पुस्तकी उपाय मला माहीत होता. वाळलेलं सगळं बुडातून कापायचं, मग मुळातून आलं तर आलं. कात्री घेतली आणि कापत गेलो. एकही पान हिरवं नव्हतं. शेवटी नुसता गोळा उरला, गुळगुळीत, काळपट हिरवा.

महेश्वरी दारात उभी राहून बघत होती. कापलेली पानं तिनं गोळा केली. मी म्हणालो, कचऱ्यात टाक. तिनं ती तुळशीच्या बुडाशी घातली.

पोरगी येणार नाही आता. येईल कशाला? मला फार वाईट वाटलं. फर्नचं नाही, फर्नच्या निमित्तानं जे यायचं होतं त्याचं.


२७ एप्रिल

आज एक लबाडी करायला निघालो होतो, ती लिहून ठेवतो.

सोलापूर रस्त्यावरच्या रोपवाटिकेत गेलो. तिथं फर्न मिळालं, कुंडीतलं, अगदी तसंच. बेत असा की कुंडीतून काढायचं, गोळ्यात खोचायचं, धागा गुंडाळायचा. शिवप्रियाला कळणार नाही. ती येईल. बस, ती येणं महत्त्वाचं.

पिशवी घेऊन मागच्या दारानं आत शिरलो तर महेश्वरी पडवीतच. "पिशवीत काय हाय?" खोटं बोलायला मला जमत नाही, म्हणून दाखवलं. वाटलं, हसेल. ती हसली नाही.

"हे काय? एक गेलं की दुसरं आणायचं? पोटच्यासारखं वाढीवलं आन बदलून टाकता?"

"अगं, तुलाच ते नको होतं. लाडू म्हणत होतीस."

"म्हटलं आसंल. म्हून काय मेल्यावर बी सोडून द्यायचं? हे जगंल. ह्याला हात लावू नका." आणि नवीन फर्न उचलून शेजारच्या शिवकांताबाईंना देऊन आली.

महेश्वरीच्या रागाचा माझा अभ्यास मोठा आहे. पण हा राग कुठल्या वर्गातला, ते काही केल्या कळेना.


३० एप्रिल

आज शिवप्रियाला खरं सांगून टाकलं. तोंडानं सांगवेना म्हणून सकाळी गोळ्याचा फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, 'फर्न गेलं. मला जमलं नाही. क्षारसुद्धा थांबत नाहीत, फोटोत पांढरे पट्टे दिसतील. माझ्या मते ते धाग्यामुळे येतात.'

ताबडतोब तिचा फोन आला. मी हॅलो म्हणालो, पलीकडून काही नाही. मला वाटलं रेंज गेली. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"शिवप्रिया, रडू नको गं. झाड आहे ते. जातं कधीकधी."

"अप्पा, अव्वा कुठंय?"

"आत. पूजा चाललीय."

"हा फोटो कधीचा?"

"आत्ताचा. आता घासायला घेणारच होतो."

"घासू नका." एकदम ओरडली. मग सावकाश म्हणाली, "अप्पा, ते पुसू नका. एकही दिवस पुसू नका. राहू द्या तसंच."

"अगं, तूच म्हणालीस क्षार विष आहे."

"असू दे. हे चालतं." आणि मग, "मी येते. बसव जयंतीला येते."

मी म्हणालो, पण फर्न तर गेलं. जगलं तर येणार होतीस ना? ती रडत रडत हसली. "तुम्ही नुसतं पाणी चालू ठेवा," म्हणाली आणि फोन ठेवला.

मला काही म्हणजे काही कळलं नाही. जिवंत होतं तोवर येते की नाही याची खात्री नव्हती, आता गेल्यावर येतेच म्हणते. आणि शेतकीची पदवीधर मुलगी म्हणते की विष पुसू नका! पण येते म्हणाली ना. मी टूथब्रश कपाटात ठेवला.

महेश्वरीला सांगितलं, पोरगी येतेय. ती देवघरातून उठली नाही. फक्त म्हणाली, "कोण म्हणतं?" मी म्हणालो, तीच. "आन ते मेलंय हे सांगितलं तिला?" सांगितलं, फोटो पाठवला. "फोटो?" तिनं वळून माझ्याकडे बघितलं. "कसला फोटो? त्यात काय काय दिसत हुतं?" मी म्हणालो, गोळा, पात्र आणि क्षार. ती पुन्हा देवाकडे वळली. तिचे कान लाल झाले होते. देवघरात उकडतं फार, तिथं एक छोटा पंखा बसवून घ्यायला हवा.


४ मे

महेश्वरी आज चहा देताना म्हणाली, "त्याला मूठ आलीया."

"कुणाला?"

"तुमच्या त्या ह्याला."

धावत गेलो. गोळ्याच्या डोक्यावर, कापलेल्या देठांच्या मधोमध, एक इवलीशी गुंडाळी. तान्ह्या पोराची मूठ असते तशी घट्ट मिटलेली, वर बारीक तपकिरी लव. भिंगातून बघितलं. आत पान घडी करून ठेवलंय, एकाच्या पोटात एक. हे उलगडतं कसं? कुठून सुरुवात होते, बुडातून की टोकातून? आता रोज बघायला मिळणार. मला शाळेतल्या पोरासारखा आनंद झाला.

एक गोष्ट राहून राहून वाटते. ती गुंडाळी मोहरीएवढी आहे. मला चष्म्यानंसुद्धा दिसली नसती. महेश्वरीला स्वयंपाकघरातून कशी दिसली?


८ मे

मूठ बुडाकडून उलगडते, टोक सगळ्यात शेवटी. दुसरी पण आली. पट्टे रोज आहेत, ठळक. न घासताही फर्नला काही होत नाही. शिवप्रियाला विचारायचंय की काही क्षार पोषकही असतात का.

महेश्वरीनं आज बेसन भाजायला घेतलं. कुणासाठी म्हणून विचारलं, तर म्हणाली, सण हाय न्हवं.


१० मे, बसव जयंती

शिवप्रियाची गाडी उशिरा आली. मी स्टँडवर होतो. रिक्षात ती माझा हात धरून बसली होती.

दारात महेश्वरी उभी. शिवप्रिया पायरीखाली थांबली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मी मध्ये पिशव्या घेऊन उभा. नेहमीप्रमाणे कुणाचा तरी निरोप कुणाला तरी सांगावा लागेल म्हणून मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात महेश्वरी आत गेली. मला वाटलं, झालं, संपलं.

ती तांब्या घेऊन बाहेर आली. शिवप्रियासमोर धरला. पाणी हिंदकळत होतं.

"नीर कुडी, गुंडव्वा," म्हणाली.

सवयीनं मी पडवीकडे बघितलं, मांजर कुठं आहे म्हणून. मांजर नव्हती. शिवप्रियानं तांब्या घेतला, घटाघटा प्याली, आणि मग आईच्या गळ्यात पडली. "लहानपणी अव्वा मला हेच म्हणायची, अप्पा," मला नंतर म्हणाली. "मी जाडी होते ना. तुम्ही धरणावर असायचात."

पडवीत गेल्यावर शिवप्रिया गोळ्यासमोर खाली बसली. वर आलेल्या दोन पानांना बोट लावलं. मी लगेच पट्टे दाखवले, धागा दाखवला, वाऱ्याची दिशा दाखवली. ती सगळं शांतपणे ऐकत होती. आईकडे बघत नव्हती आणि आई तिच्याकडे बघत नव्हती.

मग महेश्वरी म्हणाली, "सणाचं मोकळं कपाळ घेऊन आलीस व्हय गं?" आणि देवघरातून विभूती आणली. तीन बोटं पाण्यात बुडवली, विभूतीवर फिरवली, आणि लेकीच्या कपाळावर डावीकडून उजवीकडे एकदाच ओढली. जरा दाबून, शेवटी किंचित वर उचलून.

मी लेकीच्या कपाळाकडे बघितलं. मग गोळ्याकडे बघितलं. पुन्हा कपाळाकडे. तीच रुंदी, तेच अंतर, आणि उजवीकडे तोच किंचित वर गेलेला शेवट. रोज सकाळी महेश्वरी माणसाच्या कपाळाला लावावी तशी गोळ्याला विभूती लावत होती, आणि मी मागनं येऊन घासत होतो.

दुपारी शिवप्रियानं आईला समजावलं की विभूती वरच्या शेवाळाला नको, टांगायच्या सुतळीला लाव, म्हणजे झाडाला चालेल आणि तुलाही. महेश्वरीनं ऐकून घेतलं. मग शिवप्रिया म्हणाली, गोळा सिक्कीमला नेत नाही, अव्वाकडंच राहू दे. महेश्वरी म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पण तिकडं तुला पाणी बाधलं तर मला फोन कर. ह्यांना नको करू, ह्यांना काय कळतंय."

आत्ता दोघी स्वयंपाकघरात लाडू वळतायत आणि हसतायत. माझ्यावरच असणार.

धाग्याचा सिद्धांत मी रद्द करत आहे. टूथब्रश फेकून दिला.